‘मदनीय’ : पाचव्या शीलामागचा शब्द

‘मदनीय’ हा शब्द आपल्या रोजच्या वंदनेत येत नाही. पण पाचव्या शीलातल्या ‘मज्ज’ या शब्दाचा अर्थ सांगताना अट्ठकथाकारांना याच शब्दाचा आधार घ्यावा लागला. ‘मज्ज म्हणजे दारू’ एवढे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. ‘थोडी घेतली तर शील मोडते का’, ‘वाइन म्हणजे दारू का’, ‘गांजा, गुटखा, गोळ्या यात येतात का’, ‘जयंतीच्या डीजेचे काय’ असे प्रश्न निघाले की मात्र या एका ओळीच्या अर्थावर भागत नाही. म्हणून या शब्दाची नीट ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

धातू आणि त्याचे कुटुंब

मूळ धातू आहे ‘मद्’. संस्कृत व्याकरणकार त्याचा अर्थ ‘हर्ष’ असा देतात. म्हणजे सुरुवातीला या धातूत निंदा नव्हती. ऋग्वेदात सोमरसाने चढणारा ‘मद’ ही गौरवाची गोष्ट आहे. उल्हास, तरारी, अंगात संचारलेले बळ असा तो अर्थ. आनंदाने माणूस फुलतो, फुलता फुलता स्वतःला विसरतो आणि विसरल्यावर तोल सोडतो. या तिन्ही अवस्था एकाच धातूच्या पोटात आहेत. पुढे कोणती अवस्था महत्त्वाची मानायची, यावर शब्दाचा रंग ठरला. भगवान बुद्धांच्या धम्मात नजर तिसऱ्या अवस्थेवर, म्हणजे तोल जाण्यावर खिळली.

पालीत या धातूचे मोठे कुटुंब आहे. ‘मज्जति’ म्हणजे धुंद होतो. ‘मत्त’ म्हणजे धुंद झालेला. ‘मद’ म्हणजे ती धुंदी, आणि गर्वसुद्धा. ‘मज्ज’ म्हणजे धुंदी आणणारे पेय. ‘उम्माद’ म्हणजे वेड. ‘पमाद’ म्हणजे बेसावधपणा आणि त्याच्या उलट ‘अप्पमाद’ म्हणजे सावधपणा. याच कुटुंबातला ‘मदनीय’ म्हणजे मद चढवू शकेल असे काहीही. उल्हसित करणारे ते मदनीय आणि झिंग आणणारे तेही मदनीय. काही ग्रंथांत तो ‘मदनिय’ असा ऱ्हस्व इकाराने लिहिलेला आढळतो. अर्थ तोच.

मराठीत उरलेला ‘मज्ज’

संस्कृतातला ‘द्य’ पालीत ‘ज्ज’ होतो आणि पुढे मराठीत त्याचा ‘ज’ राहतो. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. त्याच वाटेने माद्यति, मज्जति आणि मराठीत माजणे. ‘मत्त’चेही तसेच आहे. सप्त, सत्त, सात. भक्त, भत्त, भात. तसे मत्त आणि मातणे.

म्हणजे ज्या शब्दासाठी आपण कोश उघडतो, तो रोज आपल्या तोंडात असतो. गाय माजावर येते. शेतात तण माजते. गावात कुणाला पैशाचा माज चढतो आणि एक दिवस तो उतरतो. पिण्याचा एक थेंबही पोटात न जाता माणूस माजतो, हे मराठी बोलणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाली ‘मद’ या शब्दाची नेमकी हीच व्याप्ती आहे.

इथे काही सारखे दिसणारे शब्द बाजूला ठेवले पाहिजेत. ‘मजा’ हा शब्द फारसीतून आला. आपण जोर देऊन ‘मज्जा’ म्हटले तरी त्याचा पाली ‘मज्ज’शी संबंध नाही. हाडातल्या मगजाला म्हणतात ती ‘मज्जा’ही वेगळी. पालीत बुडणे आणि पुसणे या अर्थांची ‘मज्जति’ अशीच दिसणारी क्रियापदे आहेत, तीही वेगळ्या धातूंची. ‘पंचशील मज्जा करायला बंदी घालते’ असा विनोद कधीतरी कानावर येतो. भाषेच्या अंगाने तो चुकतो आणि अर्थाच्या अंगानेही चुकतो. ते कसे, हे पुढे येईलच.

सुरा, मेरय, मज्ज

पाचव्या शीलात तीन शब्द एकापाठोपाठ येतात. विनयपिटकातल्या सुत्तविभंगात पहिल्या दोघांची फोड दिली आहे. सुरा पाच प्रकारची : पिठाची, पोळी-अपुपाची, भाताची, किण्व घालून केलेली आणि मसाल्याची द्रव्ये मिसळलेली. किण्व म्हणजे आंबवण. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले ‘किण्वन’ याच शब्दापासून बनले. मेरयही पाच प्रकारचे : फुलांचा आसव, फळांचा आसव, मधाचा आसव, गुळाचा आसव आणि द्रव्ये मिसळून केलेला. सुरा धान्याची आणि मेरय फुलाफळांचे किंवा गोडाचे, अशी ही ढोबळ विभागणी आहे.

ही यादी वाचताना आपल्याच भागातली नावे आठवतात. विदर्भातली मोहाची दारू फुलांच्या आसवाशेजारी बसते, गुळापासून धरलेली हातभट्टी गुळाच्या आसवाशेजारी आणि द्राक्षाची वाइन फळांच्या आसवात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद जाहीरपणे झाला. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी. पण शीलापुरते विचाराल तर फळांचा आसव यादीत नावानिशी आहे.

तिसरा शब्द ‘मज्ज’. खुद्दकपाठाच्या अट्ठकथेत त्याची व्याख्या आहे. ही अट्ठकथा परंपरेने आचार्य बुद्धघोषांच्या नावावर आहे. तिचा आशय असा : सुरा आणि मेरय ही दोन्ही मदनीय आहेत म्हणूनच त्यांना मज्ज म्हणायचे, आणि यांखेरीज जे दुसरे काही मदनीय असेल, जे घेतल्यावर माणूस मत्त आणि प्रमत्त होतो, तेही मज्जच.

या व्याख्येने वस्तूंची यादी पूर्ण करण्याचा प्रयत्न केला नाही. यादी कधीच पूर्ण होणार नव्हती. तिने कसोटी दिली. अट्ठकथेच्या काळी नशेच्या गोळ्या नव्हत्या, इंजेक्शने नव्हती, रुमालावर ओतून हुंगायचे द्रावण नव्हते. पण ‘दुसरे काही मदनीय’ या शब्दांनी त्या सगळ्यांसाठी दार उघडे ठेवले. ‘शीलात गांजाचे नाव कुठे आहे’ असे विचारणाऱ्या तरुणाला हेच उत्तर द्यावे.

रंग, वास, चव आणि परिणाम

कसोटी परिणामाची आहे, हे विनयातल्या इतर तरतुदींवरूनही दिसते. जे मज्ज नाही पण ज्याला मज्जाचा रंग, वास, चव आहे, ते प्यायल्याने भिक्खूला दोष लागत नाही, असे सुत्तविभंग सांगतो. उलट खरे मज्ज असेल तर कुशाच्या पात्याच्या टोकावर मावेल एवढे घेतले तरी दोष लागतो.

औषधाचाही विचार झालेला आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात पिलिंदवच्छ थेरांना वाताचा विकार झाल्याची हकीकत येते. वैद्यांनी तेल कढवून द्यायला सांगितले आणि त्या तेलात मज्ज घालावे लागत होते. बुद्धांनी परवानगी दिली, पण मज्जाचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतक्याच प्रमाणात. काहींनी जास्त मज्ज घातलेले तेल पिऊन झिंग आणवून घेतली, तेव्हा तसले तेल पिण्याला मनाई झाली आणि ते अंगाला चोळण्यासाठी वापरण्याची मुभा मिळाली. डॉक्टरांनी दिलेल्या खोकल्याच्या औषधात थोडे अल्कोहोल आहे म्हणून घाबरणाऱ्या उपासिकेला यातून दिलासा मिळावा. तेच औषध नशेसाठी बाटलीच्या बाटली पिणाऱ्याला मात्र पळवाट मिळत नाही.

सागत थेरांची हकीकत

भिक्खूंसाठीचा हा नियम कसा आला, त्याची हकीकत विनयात आहे. सागत थेरांनी चेती देशात एका भयंकर नागाला काबूत आणले. त्यांची कीर्ती कोसंबीला पोहोचली. थेरांना काय द्यावे, असे लोकांनी विचारले, तेव्हा सहा जणांच्या खोडकर गटातल्या भिक्खूंनी ‘कापोतिका’ नावाची निवळ दारू सुचवली. थेर भिक्षेला निघाले तर घरोघरी तीच तयार. प्रत्येक घराचा मान राखत ते पीत गेले आणि नगराच्या वेशीत कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून आणले आणि डोके बुद्धांच्या दिशेला करून निजवले, तर नशेत उलटे वळून त्यांनी पायच बुद्धांकडे केले. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना विचारले की, पूर्वी हा तथागतांचा आदर ठेवत नव्हता काय, आणि नागाशी झुंजणारा हा आता पाण्यातल्या सापाशी तरी झुंजू शकेल काय?

या हकीकतीत सागत थेरांना कुणी वाईट माणूस म्हटलेले नाही. दारू त्यांच्यापर्यंत आली ती सन्मान म्हणून. आपल्याकडे हळदीला, लग्नाला, निवडणुकीला, पगाराच्या दिवशी पहिला पेला असाच येतो. मान म्हणून, दोस्ती म्हणून. त्या वेळी नाही म्हणायला जी ताकद लागते, तिच्यासाठीच शील आधी घेऊन ठेवायचे असते.

‘थोडी चालते का?’

शीलातला शेवटचा शब्द ‘पमादट्ठान’. ठान म्हणजे ठिकाण, आधार, कारण. सुरा-मेरय-मज्ज हे बेसावधपणाचे ठिकाण आहे, म्हणून त्यापासून विरती. यावरून काहीजण म्हणतात की, बेसावध होईपर्यंत पिऊ नये एवढाच अर्थ आहे. शुद्ध राहीपर्यंत प्यायला हरकत नाही. हे वाचन ग्रंथांशी जुळत नाही. भिक्खूसाठी कुशाच्या टोकाचे माप आपण पाहिले. गृहस्थासाठी सुत्तनिपातातले धम्मिक सुत्त आहे. ज्याला हा धम्म आवडतो त्या गृहस्थाने मज्ज पिऊ नये, दुसऱ्याला पाजू नये, पिणाऱ्याला अनुमोदनही देऊ नये, कारण त्याचा शेवट वेडात होतो, असा त्याचा आशय आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस आणि विष यांच्या जोडीला मज्जाचाही व्यापार आहे. पिणे, पाजणे, विकणे, तिन्हींचा विचार झालेला आहे.

दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे दिले आहेत : डोळ्यांदेखत होणारी धनहानी, भांडणांची वाढ, रोगांचे घर, अपकीर्ती, लाजलज्जेचा लोप आणि प्रज्ञेची दुर्बलता. यात नरकाची भीती दाखवलेली नाही. पहिला तोटा पैशाचा आणि शेवटचा बुद्धीचा. हा सरळ संसाराचा हिशेब आहे. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्या घरातल्या बाईला तो कुणी शिकवावा लागत नाही. महाराष्ट्रात ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानाला गावोगावच्या बायका उतरल्या, त्या याच सहा तोट्यांच्या अनुभवावर.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा वेगळी आणि स्पष्ट आहे. पंचशील असतानाही तिला स्वतंत्र जागा दिली गेली, याला अर्थ आहे. पालीत म्हटलेले शील कळले नाही असे म्हणायला वाव उरतो. मराठीत घेतलेल्या प्रतिज्ञेत तो उरत नाही.

संगीतही मदनीय?

आता शब्दाची दुसरी बाजू पाहू. दीघ निकायाच्या महासुदस्सन सुत्तात कुसावती नगरीचे वर्णन आहे. नगरीभोवती ताडाच्या सात रांगा होत्या, सोन्यारुप्याच्या आणि रत्नांच्या. वारा सुटला की त्यांतून नाद उमटे. तो नाद मधुर, मन रंगवणारा, हवाहवासा आणि ‘मदनीय’ होता. नगरीतले उडाणटप्पू, पिणारे आणि तहानलेले लोक त्या नादावर रमत.

दारूला लावलेलेच विशेषण इथे संगीताला लागले आहे. सुत्त त्या नादाची निंदा करत नाही. दुसरीकडे सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व वीणेवर गातो, तेव्हा त्याच्या तारांचा सूर आणि गळ्याचा सूर छान जुळला, असे बुद्ध स्वतः म्हणतात. पंचशीलात गाण्याबजावण्याला मनाई नाही. ती उपोसथाच्या अष्टशीलात येते, तीही त्या व्रताच्या काळापुरती.

आनंदासाठी पालीत वेगळे शब्दही आहेत. ‘मुदिता’ आणि ‘पामोज्ज’ हे ‘मुद्’ धातूचे, ‘पीति’ आणखी वेगळ्या धातूची. यांतला एकही शब्द दोष म्हणून येत नाही. मुदिता तर चार ब्रह्मविहारांपैकी एक आहे. म्हणून ‘पंचशील मज्जा करू देत नाही’ हा विनोद अर्थानेही चुकतो. दुसऱ्याच्या सुखाने फुलणे धम्माला हवे आहे. स्वतःला विसरून तोल सोडणे त्याला नको आहे.

जयंतीच्या डीजेचा वाद या उजेडात पाहावा, असे आमचे मत आहे. वामनदादा कर्डकांपासूनच्या शाहिरीने या समाजाला गाण्यातून जागे केले. ती गाणी ऐकून माणसे शाळेत गेली, मोर्चात गेली, दीक्षेला गेली. तो उल्हास होता आणि त्याने अप्पमाद वाढवला. पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या आवाजापुढे पोरे पिऊन नाचत असतील, म्हातारी माणसे दारे लावून बसत असतील आणि दुसऱ्या दिवशी कुणाला एकही शब्द आठवत नसेल, तर तो कुसावतीच्या ताडांचा नाद झाला. गाणे तेच असेल, पण कसोटी परिणामाची आहे.

न पिता चढणारा मद

अभिधम्मपिटकातल्या विभंग ग्रंथात मदांची लांबलचक यादी आहे. तिची सुरुवात जातिमद आणि गोत्तमद यांनी होते. मग आरोग्याचा, तारुण्याचा आणि जगण्याचा मद, लाभाचा, सत्काराचा, परिवाराचा मद असे करत यादी सुतमद, सीलमद आणि झानमदापर्यंत जाते. म्हणजे विद्वत्तेचा, शीलवान असण्याचा आणि ध्यानाचाही माज चढू शकतो.

यादीत पहिला जातिमद असणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. या देशात शतकानुशतके एकही घोट न पिता माणसे ज्या धुंदीत राहिली आणि दुसऱ्यांचे पाणी, रस्ते, देवळे अडवत राहिली, ती ही धुंदी. सुत्तनिपातातल्या पराभव सुत्तातही जातीने, धनाने आणि गोत्राने ताठलेला माणूस हे अधोगतीचे एक कारण म्हणून येते. आज आपल्यातही पोटजातीची गणिते लग्न जुळवताना डोके वर काढतात, तेव्हा ही यादी आपल्यालाही लागू होते. सीलमद हा शब्दही लक्षात ठेवावा. आपण पीत नाही म्हणून शेजारच्या पिणाऱ्याला तुच्छ लेखणारा माणूसही मदातच असतो. त्या शेजाऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेणारा हात हवा असतो. पालीत ‘व्यसन’ म्हणजे नाश, आपत्ती. आपत्तीत सापडलेल्याला मदत करायची असते.

अंगुत्तर निकायात बुद्ध आपल्या तरुणपणाबद्दल सांगतात. आपणही म्हातारे होणार असताना म्हाताऱ्याला पाहून किळस वाटणे शोभत नाही, असा विचार केला तेव्हा त्यांचा तारुण्याचा मद ओसरला. आजाराच्या विचाराने आरोग्याचा आणि मरणाच्या विचाराने जगण्याचा. मद उतरवण्याचा हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि कुणालाही करता येतो. निर्वाणाला ग्रंथांनी दिलेल्या नावांत ‘मदनिम्मदन’, म्हणजे मद मोडून काढणारे, हेही एक नाव आहे.

घरात सांगायचे कसे

मुलांना पाचवे शील समजावताना दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, दारू आणि तिच्यासारखे नशेचे सारे पदार्थ यांना शीलात ‘थोडे’ नाही. दुसरी, ‘हे घेतल्यावर, हे ऐकल्यावर, हे मिळाल्यावर मी अधिक सावध होतो की बेसावध?’ असा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय. पहिली गोष्ट नियमाची आहे आणि दुसरी समजुतीची. नुसता नियम राहिला तर सीलमद येतो. नुसती समजूत राहिली तर पळवाट सापडते.

धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादाचा आहे आणि महापरिनिब्बानापूर्वीच्या तथागतांच्या शेवटच्या उपदेशातही हाच शब्द आहे. पाचवे शील पमादापासून दूर व्हायला सांगते आणि शेवटचा उपदेश अप्पमादाने चालायला सांगतो. पुढच्या वेळी विहारात पाचवे शील म्हणताना ‘मज्ज’वर क्षणभर थांबावे आणि त्याच्यामागे उभा असलेला ‘मदनीय’ आठवावा, एवढीच विनंती.